समोरून उचलते, मागून घुमते: एका ट्रॅक्टरच्या वजनाचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावचं आहे. ट्रॅक्टर ४५ एचपीच्या आसपासचा, टू व्हील ड्राइव्ह, मागचे टायर १३.६-२८, वावर सगळं काळ्या मातीचं. मालक साठीचे, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, आणि चालवतो त्यांचा पोरगा. कामं मुख्य दोनच, उन्हाळ्यात दोन फाळाच्या पलटी नांगरानं नांगरणी आणि दिवाळीनंतर कापसाची ट्रॉली भरून जिनिंगला न्यायची. तक्रारी पण दोन होत्या आणि घरच्यांना वाटत होतं की दोन्ही इंजिनच्या आहेत. एक म्हणजे नांगरताना मागची चाकं जागीच घुमतात, आणि दुसरी, जी मला जास्त भीतीची वाटली, ती म्हणजे नाल्यातून ट्रॉली वर काढताना समोरची चाकं जमीन सोडतात. पोरगा म्हणाला, "मिस्त्री, त्या चढावर स्टेअरिंग फिरवून राहिलो तं गाडी वळतच नाही, सरळच जाते."

इंजिनमध्ये काही नव्हतं. क्लच बरोबर होता, हायड्रॉलिक बरोबर होतं, टायरच्या नक्ष्या पण अर्ध्याच्या वर शिल्लक होत्या. प्रकरण सगळं वजनाचं होतं, आणि वजन किती आहे त्यापेक्षा ते कुठं आहे याचं होतं.

गावानं यावर आपले उपाय आधीच केले होते. चाक घुमते म्हणून नांगराच्या फ्रेमवर मुरुम भरलेली पोती दोरीनं बांधलेली, सगळी मिळून १२० किलोच्या घरात. आणि चढावर समोरचं उचलते म्हणून शेजारचा एक पोरगा बोनेटवर बसायचा, कधी कधी दोघं. हे आपल्याकडं इतकं रोजचं आहे की कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण समोरचं एकदा उचलून खाली आपटलं तर तो पोरगा सरळ पुढच्या चाकाखाली जातो, हे मी काकाजींना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं आणि बोनेटवर बसणं त्याच दिवशी बंद केलं. बाकीचं नंतर बघू, पण हे आधी.

मग आम्ही ट्रॅक्टर काट्यावर नेला. जिनिंगचा काटा मे महिन्यात रिकामाच असतो. आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त समोरची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, मग फक्त मागची चाकं. काटा जमिनीच्या लेव्हलला पाहिजे, चढउतार असला तर आकडा चुकतो. नांगर न लावता एकूण २०६० किलो भरलं, समोर ७८० आणि मागं १२८०. म्हणजे समोर ३८ टक्के, टू व्हील ड्राइव्हला हे ठीकच आहे. मग पलटी नांगर लावून, वर उचलून, पोती न बांधता वजन केलं, नांगर ४२० किलोचा. समोर राहिले ५३० आणि मागं झाले १९५०. नीट बघा, नांगर ४२० चा पण मागच्या चाकांवर वाढले ६७०, कारण समोरचे अडीचशे उचलून त्यानं मागं टाकले. मग पोती बांधून केलं तर समोर फक्त ४४० उरले, एकूण २६०० पैकी. हे १७ टक्के होतात, आणि स्टेअरिंग नीट लागायला एकूण वजनाच्या निदान २० टक्के तरी समोर पाहिजेत असा नियम आहे. म्हणजे घुमणं थांबवायला जो उपाय केला त्यानंच दुसरा रोग वाढवला.

काकाजींना हे आकड्यांनी पटत नव्हतं, तेव्हा मी म्हटलं की बंडीत कडबा सगळा मागं भरला तर काय होते? ते लगेच म्हणाले, "उलाळ होते, जू बैलाच्या मानेवरून वर जाते." बस, तेवढंच. मागची चाकं हा टेकू, त्याच्या मागं जे लटकवाल ते समोरचं उचलते, आणि जितकं लांब लटकवाल तितकं जास्त उचलते. समोर आणि मागच्या चाकात या ट्रॅक्टरचं अंतर साधारण २ मीटर आहे आणि नांगराचं वजन मागच्या धुरीपासून (म्हणजे ॲक्सलपासून) १.२ मीटर मागं पडते, तर ४२० गुणिले १.२ भागिले २, म्हणजे २५२. काट्यानं तेच सांगितलं.

आता दुसरा प्रश्न पोरानं विचारला आणि तो एकदम बरोबर होता. "पण पोती बांधून मागं वजन तं वाढलं न, मंग चाक काऊन घुमते?" कारण नांगर वर उचललेला असतो तेव्हाच ते वजन चाकांवर असते. नांगर जमिनीत गेला की पोत्यांचं वजन बरंचसं फाळावर जाते, फाळ अजून खोल दबते, माती जास्त धरते, ओढायला अजून जास्त जोर लागते, आणि चाक पुन्हा घुमते. वजन चाकाला द्यायचं होतं, दिलं फाळाला.

घुमणं किती आहे हे डोळ्यानं ठरवू नये, मोजावं, आणि ते मोजायला काही मशीन लागत नाही. मागच्या टायरवर चुन्यानं एक रेघ मारायची, नांगर वर उचलून त्याच वावरात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवायचं आणि अंतर मोजायचं. मग त्याच गिअरमध्ये नांगर घालून परत दहा फेरे. या ट्रॅक्टरला रिकामं अंतर आलं ३९ मीटर, आणि पोत्यांसकट नांगरताना ३० मीटर. ३९ मधले ९ गेले, म्हणजे २३ टक्के स्लिप. १०० फेऱ्यांतले २३ फेरे डिझेल जाळून नुसती माती घासत होते आणि टायर पण घासत होते. अशा ओढीच्या कामात ८ ते १५ टक्क्यांच्या मधात स्लिप असावी. शून्य करायच्या मागं लागू नये, ८ च्या खाली गेली तर समजायचं की वजन जास्त झालं आणि आता ते वजन वाहून न्यायलाच डिझेल जळते, गिअरबॉक्स आणि मागच्या धुरीवर पण विनाकारण ताण येते.

इथं थोडं रेल्वेचं सांगतो कारण मला ते या विषयात फार महत्त्वाचं वाटते आणि हिंगणघाटवरून सेवाग्राम-बल्लारशा लाईन जाते, चंद्रपूरकडच्या कोळशाच्या मालगाड्या आपण रोज बघतो. त्या लांबच लांब गाड्या ओढायला नुसती मोटर ताकदवान असून भागत नाही, लोखंडी चाकाला लोखंडी रुळाची पकड पाहिजे, आणि ती कोरड्या रुळावर चाकावरच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी मिळते, ओल्या रुळावर त्याहून बरीच कमी, म्हणून तर इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाकासमोर वाळू टाकतात. वॅग-९ हे मालगाडीचं इलेक्ट्रिक इंजिन १२३ टनांचं, सहा धुऱ्या, प्रत्येकीवर २०.५ टन. त्याच इंजिनात मुद्दाम जास्तीचं वजन टाकून वॅग-९एच बनवलं, १३२ टनांचं, म्हणजे धुरीमागं २२ टन. एचपी तेवढीच, वाढलं फक्त वजन, आणि त्यानं गाडी जागेवरून हलवताना चाक घुमायच्या आधी जास्त जोर लावता येते. म्हणजे जिथं लोकांना वाटते की इंजिन हलकं असावं तिथं रेल्वेनं पैसे देऊन लोखंड भरलं. पण त्यांनाही हद्द आहे, रूळ आणि पूल किती टन सोसतात त्यावर ती ठरते. आपल्याकडं रुळाच्या जागी काळी माती आहे, तिची पण हद्द आहे, ते पुढं येईलच.

फरक एक आहे. त्या इंजिनाच्या सहाच्या सहा धुऱ्यांना मोटर असते, वजन कुठंही टाकलं तरी ते ओढणाऱ्या चाकावरच येते. आपल्या ट्रॅक्टरची मागची दोनच चाकं ओढतात आणि समोरची दोन वळवतात, म्हणून आपलं काम जास्त अवघड आहे, आणि या बाबतीत तो रेसच्या गाडीच्या जास्त जवळ जातो. फॉर्म्युला वनच्या गाडीला कमीत कमी वजनाचा नियम असते, २०२५ मध्ये ते ड्रायव्हरसकट ८०० किलो होतं. टीमवाले काय करतात, गाडी त्यापेक्षा हलकी बनवायचा प्रयत्न करतात आणि उरलेलं वजन टंगस्टनच्या ठोकळ्यांनी भरतात. टंगस्टन लोखंडाच्या जवळपास अडीच पट जड, म्हणून कमी जागेत, एकदम खाली तळाला, जिथं पाहिजे तिथं बसते. वजन तर नियमानं भरायचंच आहे, मग ते गाडीला वळायला मदत करेल अशा जागी भरायचं. आणि तिथं असा नियम आहे की ते वजन अवजाराशिवाय निघता कामा नये, म्हणजे बोल्टनं घट्ट कसलेलं पाहिजे. मी काकाजींना हा नियम सांगितला आणि दोरीनं बांधलेली पोती दाखवली. ३०० किलोमीटरच्या स्पीडनं जाणाऱ्या गाडीसाठी जे खरं ते पांदणीतल्या गड्ड्यात उसळणाऱ्या ट्रॅक्टरसाठी पण खरंच आहे, सुटलेलं पोतं चाकाखाली किंवा माणसावर जाते.

तर आम्ही केलं काय. पोती काढली. मागच्या दोन्ही टायरमध्ये पाणी भरलं, आणि समोर वजनाच्या लोखंडी प्लेटा लावल्या, २० किलोच्या पाच, कंपनीच्या ब्रॅकेटवर बोल्टनं.

पाण्याबद्दल लोकांच्या मनात फार शंका असतात म्हणून नीट लिहितो. मागचं चाक जॅकवर उचलायचं, फिरवून वाल एकदम वर आणायचा, आतली पिन काढायची, हवा सोडायची, आणि पाणी भरायचं जे नोझल मिळते ते लावून उंचावरच्या टाकीतून पाणी सोडायचं. मधेमधे नळी काढून आतली हवा बाहेर येऊ द्यायची. पाणी वालपर्यंत आलं आणि वालातून बाहेर पडायला लागलं की थांबायचं, टायर साधारण ७५ टक्के भरलेलं असते. पूर्ण भरायचं नाही, वरची हवाच टायरला लवचिक ठेवते. मग पिन लावून हवा भरायची, वावरासाठी १२ ते १४ पीएसआयच्या आसपास, बरोबर आकडा आपल्या मॅन्युअलात बघा, रस्त्यावर ट्रॉलीच्या कामाला जास्त लागते. या साईजच्या टायरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसते, एक लिटर म्हणजे एक किलो, दोन टायरचे ३०० किलो. थंड देशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड टाकतात, आपल्याकडं मे मध्ये ४५ डिग्री असते, साधं पाणी चालते. ट्यूब असली की रिमला गंजायची भीती नाही, या ट्रॅक्टरला ट्यूब होती.

आणि पाणीच कशाला, नुसत्या प्लेटा का नाही, तर पाणी चाकाच्या आत असते, मागच्या धुरीच्या मागंही नाही आणि पुढंही नाही, म्हणून ते समोरचं एक किलो पण उचलत नाही. तळाला असते म्हणून ट्रॅक्टर बाजूला कलंडायची भीती पण कमी होते. जिथून पाहिजे तिथूनच जोर लावते. फुकटही आहे, हे काकाजींना सगळ्यात आवडलं. समोरच्या प्लेटांचा हिशेब उलटा, त्या समोरच्या धुरीच्याही पुढं ७० सेंटीमीटरवर लटकतात, म्हणून १०० किलोच्या प्लेटा समोर १३५ किलोचं काम करतात आणि मागचे ३५ कमी करतात.

परत काटा. नांगर न लावता समोर ९१५, मागं १५४५. नांगर उचलून समोर ६६५, मागं २२१५. पोती होती तेव्हा मागं २१६० होते, म्हणजे मागं जवळपास तेवढंच वजन, पण समोर ४४० च्या जागी ६६५, आणि मागचं वजन आता नांगर जमिनीत गेला तरी चाकावरच राहते. चुन्याची रेघ मारून परत मोजलं, ३९ च्या समोर ३४ मीटर आले. स्लिप १३ टक्के. आधी १०० फेऱ्यांत ७७ फेऱ्यांचं अंतर कटायचं, आता ८७ चं, म्हणजे तेवढ्याच वेळात सव्वा तेरा टक्क्यांच्या आसपास जास्त नांगरणी तीही त्याच गिअरमध्ये. डिझेल किती वाचलं याचा आकडा मी देत नाही कारण टाकी भरून मोजलं नाही.

आता नाल्याचा चढ, आणि इथं वजनाआधी हूक बघायला पाहिजे. ट्रॉली वरच्या हुकात लावलेली होती, जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर, कारण तिथं पिन घालायला वाकावं लागत नाही. भरलेली ट्रॉली धरा ४ टनांची, चढ दहाला एक, आणि पांदणीचा नरम रस्ता, तर ओढायला ७०० किलोच्या आसपास जोर लागते. तो जोर ७५ सेंटीमीटरवरून मागं ओढते तर समोरचे २६० किलो उचलले जातात. हूक ५० सेंटीमीटरवर आणला तर १७५. एक पैसा न लावता ८५ किलो समोर परत आले. ट्रॉली दोन चाकांची, तिचं तोंड हुकावर दाबते त्याचे ७५ अजून जातात, चढामुळं अजून तेवढेच. सगळं वजा केलं तर जुन्या पद्धतीत ७८० पैकी ३६५ च्या आसपास उरत होते, आणि त्यात पोरगा फर्स्टमध्ये क्लच झटक्यात सोडायचा, मग उचलणार नाही तर काय. प्लेटा आणि खालचा हूक मिळून ते ५८० च्या घरात आले. कापसाच्या सीझनमध्ये त्याच चढावर मी स्वतः बाजूला उभा राहून पाहिलं, समोरचं टायर जमिनीला दबूनच राहिलं आणि वर आल्यावरचं वळण पोरानं एका हातानं घेतलं. काही लोक ट्रॉली टॉपलिंकच्या (नांगर जोडायच्या तीन दांड्यांपैकी वरच्या दांडीच्या) जागी लावतात, ते तर करूच नका, तिथून ओढलं की ट्रॅक्टर मागं पलटी होऊन चालकाच्या अंगावर येते आणि ते इतक्या लवकर होते की क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

एवढं झाल्यावर काकाजींचं म्हणणं पडलं की आता हे कायमचंच राहू द्या. इथं मात्र मी अडून बसलो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी असते तेव्हा तिला ३०० किलोचं काही वाटत नाही. पण मृगाचे दोन पाऊस झाले की ती चिकण होते, आणि ओल असताना तिच्यावरून जड चाक गेलं की खालचा थर दबून घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. चाकाच्या पट्ट्यात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे, लोक खताला दोष देतात. पेरणीयंत्र ओढायला नांगराच्या मानानं काहीच जोर लागत नाही, तिथं स्लिपचा प्रश्नच नाही, मग ते पाणी कशासाठी वाहून न्यायचं?

१९८४ मध्ये फॉर्म्युला वनच्या टायरेल टीमला पूर्ण सीझनमधून काढून टाकलं होतं, कारण ते रेस हलक्या गाडीनं पळवायचे आणि शेवटी शेवटी टाकीत पाणी आणि शिशाचे छर्रे भरून वजन पूर्ण करायचे. तिथं ती लबाडी होती. आपल्याला मात्र कामाप्रमाणे वजन घालायला आणि काढायला कोणी अडवत नाही, उलट तेच करायला पाहिजे.

काकाजींची खरी अडचण वेगळी होती, परत पाणी भरायला गावातून हिंगणघाटला यावं लागेल ही. ती मी सोडवली, नोझल त्यांच्याच घरी ठेवून दिलं, सात मीटर नळीसकट, आणि पोराला एक टायर त्याच्याच हातानं भरायला आणि रिकामं करायला लावलं. रिकामं करताना वाल खाली आणायचा आणि मधेमधे त्याच वालातून हवेचा दाब द्यायचा, जे थोडं तळाला राहते ते राहू द्यायचं. हवा परत मोजायला विसरायचं नाही, पाणी असताना टायरमध्ये हवेची जागा कमी असते आणि काढल्यावर जास्त, जुन्या अंदाजानं पंप मारला की टायर नरम राहते.

तर आता त्या घरी असं ठरलं आहे की नांगरणीला पाणी आणि प्लेटा दोन्ही, कापसाच्या ट्रॉलीला फक्त प्लेटा आणि खालचा हूक, कारण ट्रॉलीचं तोंडच मागच्या चाकाला पुरेसं दाबते, आणि पेरणीला काहीच नाही. पेरणीयंत्र २८० किलोचं आहे आणि ते उचलून समोरचं परत काट्यावर केलं तर ६४० निघाले, म्हणजे २७ टक्के, त्यामुळे तिथं प्लेटांची गरज नाही. प्लेटांचे बोल्ट मात्र काढल्यावर ग्रीस लावून ब्रॅकेटलाच परत फिरवून ठेवा, दिवाळीला शोधत बसावं लागत नाही.